आपण एका विश्वासार्ह नागरिकाला फोन करीत आहात

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्ती समितीने नागरिकांच्या सरकारी गुणपत्रकात चांगले गुण असलेल्यांना कॉलर ट्यून दिली. फोन करणाऱ्याला आधी एका बाईचा मऊ आवाज ऐकू येई, ‘आपण एका विश्वासार्ह नागरिकाला फोन करीत आहात,’ आणि मग रिंग. ज्याचा नंबर, त्याला मात्र ती ऐकू येत नाही.

चीनमधल्या शानतुंगच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव लहान आहे. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माणसांना गुण देणं मला कधी गैर वाटलं नाही. गुण सुरू झाल्यापासून मासळीवालीचा काटा सरळ झाला आणि म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ न सांगता उपसला जाऊ लागला. शेजारच्या छ्यू मावशी तर म्हणाल्या, “लान्‌फेन, लगेच उचलू नकोस गं फोन. पुरतं ऐकू दे. माझ्या सुनेचं कौतुक तर कोणी फुकटसुद्धा करत नाही.”

माझी मुलगी वेनछी दूर छंग्तू शहरात नोकरी करते. तिने ती ट्यून एकदाच ऐकली.

“आई, मी तुला फोन केला, तर तू कोण आहेस हे आधी सरकारने मला का सांगायचं?”

लपवण्यासारखं काही नसेल तर बिघडलं कुठे, असं मी म्हणाले. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी लावी तेव्हा तिचा नंबर व्यस्त असे. सकाळी, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, केव्हाही.

हळूहळू माझा फोन वाजेनासाच झाला. मी सिमकार्ड बदलून घेतलं. दुकानदाराने तपासलं, बिघाड नव्हता. मग प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने माझे आभार मानले. आदल्या संध्याकाळी फोनवर मी त्याला फार धीर दिला म्हणे. त्या संध्याकाळी मी कोणाशीच बोलले नव्हते. छ्यू मावशी म्हणाल्या, हल्ली तू फोनवर किती गोड बोलतेस, समोर मात्र तोंडाला कुलूप. मी हसले. दुसरं काय करणार?

नववर्ष जवळ आलं. वेनछीने सणाला घरी यावं, एवढंच मला हवं होतं. ट्यून परत करायला मी समितीच्या कचेरीत गेले.

तिथला कारकून हसला. मागायला सगळे येतात, परत करायला तुम्हीच पहिल्या, म्हणाला. नंबर सुरू आहे का पाहण्यासाठी त्याने तो आपल्या टेबलावरच्या फोनवरून लावला. माझा फोन माझ्या हातात होता. पडदा काळाच राहिला.

कारकून मात्र सावरून बसला. मग उभाच राहिला. “हो, बाई. नाही, नाही, तुम्हाला उगाच त्रास दिला,” असं काहीतरी अदबीने बोलून त्याने फोन ठेवला.

“लान्‌फेनबाई म्हणतात, ट्यून राहू द्या.”

मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही त्यांच्या कोण?”

मी बाहेर पडले. समुद्रावरून गार वारा येत होता.

सणाच्या दिवशी दुपारी मी डंपलिंगसाठी सारण करून ठेवलं, कोबी आणि कोळंबीचं, वेनछीला आवडतं तसं. पीठही मळलं. स्टेशनवर जाऊन आले. छंग्तूकडून येणारी गाडी रिकामी होईपर्यंत फलाटावर उभी होते.

घरी येऊन तिला फोन लावला. व्यस्त.

छ्यू मावशींकडून त्यांचा फोन मागून घेतला आणि जिन्यात उभी राहून स्वतःचाच नंबर लावला.

आधी तो मऊ आवाज आला, मग पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“हॅलो?” तो माझा आवाज होता. थोडा अधिक प्रेमळ.

मी फोन कानाला आणखी दाबून धरला.

पलीकडे लाटण्याचा आवाज येत होता. भांड्यात पाणी उकळत होतं. कोणीतरी हसलं, आणि ते हसू मी तिच्या जन्मापासून ऐकत आले आहे.

“आई, कोण आहे गं?”

“कोणी नाही, बाळा. कोणीतरी चुकून लावलाय.”