जामिनाचा अंगठा

रोज सकाळी सव्वासहाला उदय साळोखे लेकीच्या पलंगापाशी उकिडवे बसत आणि बुटातून डोकावणाऱ्या तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबत. नख पांढरं व्हायचं, सोडलं की पुन्हा गुलाबी.

"लाइन चालू आहे," म्हणून ते आपल्या हाताचा अंगठा बुटाच्या काळ्या पट्टीवर ठेवत.

"अंगठा गार आहे. हात चोळून पुन्हा ठेवा," बूट सांगायचा. आवाज बाईचा, अदबीचा.

"बघ ईश्वरी, तुझ्या आईपेक्षा गोड बोलती."

"ऐकलं मी," आतून आई म्हणायची.

पप्पा तळहात एकमेकांवर घासत. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत तीस वर्षं वाळूचे साचे भरून त्यांच्या बोटांवरच्या रेघा कधीच झिजल्या होत्या. पण बुटाला रेघांशी देणंघेणं नव्हतं, तो कातडीखालच्या शिरांतलं वाहतं रक्त वाचायचा. दुसऱ्या खेपेला पट्टी हिरवी व्हायची. "धन्यवाद, जामीन साळोखे. आजची पावलं दोनशे दहा."

ईश्वरी पेठेतल्या फुटबॉल संघाची मधल्या फळीतली खेळाडू. लीगच्या उपांत्य सामन्यात समोरची बचावपटू तिच्या पायावर उतरली आणि अंगठ्यामागच्या लांब हाडाचे तीन तुकडे झाले. पूर्वी अशा दुखण्यानंतर मुली स्कोअर लिहायला बसत. आता डॉक्टर तुकड्यांमध्ये अस्थिलेप भरत. रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेला तो लेप साठ दिवसांत हाड होऊन जाई. नवं हाड कुठल्या दिशेनं बांधायचं हे त्या पेशींना बुटातून येणारी बारीक कंपनं सांगत. कंपनं तासभर जरी थांबली, तरी लेप विरघळायला लागे आणि तो पाय पुन्हा मैदानावर येत नसे.

बूट रोज ठरावीक पावलंच मोकळी करायचा. ती संपली की त्याच्या नळ्यांतला द्रव दगडासारखा घट्ट व्हायचा आणि टाचेखालून एक ठोकळा बाहेर यायचा. मग कुबड्या घेऊन एका पायावर उड्या मारायच्या. आणि त्या दिवसाची पावलं सुटायला जामिनाचा अंगठा लागायचा.

"मी काय आरोपी आहे, जामीन द्यायला?" ईश्वरीनं पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचारलं होतं.

"खेळाडू आहात," डॉक्टर म्हणाले. "दुखत असलं तरी नाही म्हणता. म्हणून रोज सकाळी दुसऱ्या कुणीतरी पाय बघायचा, दाबायचा, मगच अंगठा द्यायचा."

"बरोबर आहे," पप्पा लगेच म्हणाले. "ओतलेलं गार झाल्याशिवाय साचा फोडायचा नाही. घाई केली की तडा."

त्रेचाळिसाव्या सकाळी सव्वासहा वाजून गेले, तरी पप्पा आले नाहीत. आंघोळीला गेले होते. आईनं दोनदा हाक मारली, मग दार ढकललं. ते बादलीशेजारच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते, खांद्यावर पंचा तसाच. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि कागद भरून दिला.

ईश्वरी कुबड्यांवर उभी होती. बुटावर आकडा होता: शून्य.

चुलत आजोबा गेले तेव्हा भाऊबंदांत कुणीतरी पप्पांना म्हणालं होतं, "उदय, तुला मुलगा नाही. तुझ्या वेळी पुढं कोण?" पप्पा हसून म्हणाले होते, "माझी लेक उचलेल की. तिचे पाय बघितलेस का?" ईश्वरी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं त्या दिवशी आपल्या पोटऱ्या आरशात पाहिल्या होत्या.

लेकीनं खांदा द्यायला आता कुणाचीच हरकत नव्हती. आत्याचीही नव्हती. हरकत बुटाची होती.

तिनं मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे माणूसच निघाला, तरुण आवाजाचा.

"जामीन बदलायचाय. आईचं नाव घाला."

"घालतो ताई. फक्त आधीच्या जामिनांचा अंगठा लागेल."

"ते वारले. आत्ता, सकाळी."

"सॉरी हो ताई. मग महापालिकेचा मृत्यूचा दाखला पाठवा, लगेच करतो."

"दाखला अंत्यविधी झाल्यावर मिळतो. मला त्याच्या आधी चाळीस पावलं हवीत. दारापासून तालमीच्या कोपऱ्यापर्यंत खांदा द्यायचाय, पुढं गाडी आहे. दोनशे दहा नकोत."

"ताई, माझ्या हातात असतं तर…" त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी तिनंच ठेवला.

फाउंड्रीतले शिवाकाका दारात उभे होते. तिरडीचे बांबू त्यांनीच आणले होते. त्यांनी बुटाकडे बघितलं. "गाडीत ग्राइंडर आहे पोरी. पायाला लागू न देता दोन मिनिटांत कापतो. तू सांग फक्त."

"कापल्यावर कंपनं थांबतील, काका. पुन्हा बूट बसवायला पुण्याला जायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे खेळ संपला."

ईश्वरीनं आत पाहिलं. पप्पांना सोप्यात आडवं ठेवलं होतं. आत्या त्यांच्या पायांशी बसून दोन्ही पायांचे अंगठे पांढऱ्या सुतानं एकत्र बांधत होती. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ.

"कापा," ईश्वरी म्हणाली.

काका वळले, तेवढ्यात आई उठली. ती येऊन लेकीच्या पायाशी बसली आणि बुटावर हात ठेवला. "भावजी, ग्राइंडर गाडीतच राहू द्या. बेचाळीस दिवस त्यांनी अंगठा दिलाय. गार झाल्याशिवाय साचा फोडायचा नाही."

"आई, त्यांनी सांगितलं होतं, मी उचलायचं."

"सांगितलं होतं. मीपण ऐकलंय." आई एवढंच म्हणाली आणि बुटावरचा हात न काढता तिथंच बसून राहिली.

अंगण माणसांनी भरलं होतं. बायका चहा वाटत होत्या. कुणाचं लक्ष नाही असं पाहून ईश्वरी कुबड्यांवरून पप्पांच्या शेजारी गेली आणि जमिनीवर बसली, बूट त्यांच्या हाताजवळ येईल अशी. तिनं त्यांचा उजवा हात उचलला. वाटला होता त्याहून जड होता. अंगठा सरळ केला आणि पट्टीवर ठेवला.

"अंगठा गार आहे," बूट म्हणाला. "हात चोळून पुन्हा ठेवा."

तिनं हात चोळला. आपल्या दोन्ही तळहातांमध्ये धरून, फाउंड्रीच्या वाळूनं खरखरीत झालेला तो पंजा ती चोळत राहिली, तोंडाजवळ नेऊन वाफ सोडली, पुन्हा चोळला. पुन्हा ठेवला.

"अंगठा गार आहे. हात चोळून पुन्हा ठेवा."

तिनं त्यांच्या अंगठ्याचं नख दाबलं. सोडलं. वाट पाहिली. मग हात होता तसा छातीवर ठेवला आणि बाही नीट केली.

मागे संघाची गोलरक्षक नसीमा मुजावर उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"सर," सरावाला येऊन सूचना देणाऱ्या पप्पांना मुली सरच म्हणत, "मला नेहमी म्हणायचे, ईश्वरीनं सोडलेला बॉल तू धरायचास." नसीमानं ओढणी कमरेला बांधली. "आज मी धरते. तू शेजारून चाल. पडायचं नाहीस."

तिरडी उचलली. पुढे शिवाकाका आणि नसीमा, मागे दोघे चुलतभाऊ. ईश्वरी नसीमाच्या बाजूनं कुबड्यांवर उड्या मारत निघाली. हात तिरडीपर्यंत पोचत होता, पण लावायचा तर कुबडी सोडावी लागली असती. बूट अधांतरी झुलत होता. तालमीच्या कोपऱ्यापर्यंत तिनं नसीमाची पावलं मोजली. चाळीस नव्हे, अडतीसच भरली.

पाचव्या दिवशी दाखला आला आणि नोंदीत फक्त नाव बदलून आई जामीन झाली. तिचे हात पोळपाटावरून उठून यायचे, गरम. बुटानं तिला कधीच चोळायला सांगितलं नाही.

साठाव्या सकाळी सव्वासहाला बूट आपणहून उघडला. आत तिचा पाय फिकट, सुरकुतलेला, पण सरळ होता. पडद्यावरून डॉक्टर म्हणाले, "इतकं नीट जुळलेलं हाड मी पाहिलं नाही. दोन महिन्यांत मैदानावर." ईश्वरीनं पाय फरशीवर टेकवला. एक पाऊल. दुसरं. दुखलं नाही. सोप्यातून उंबऱ्यापर्यंत ती गेली आणि तिथं थांबली.

मागे पलंगावरून तोच अदबीचा आवाज आला.

"अभिनंदन. नोंद बंद करत आहोत. आपले पहिले जामीन, उदय साळोखे. सेहेचाळीसपैकी बेचाळीस दिवस हजर. त्यांना ही बातमी कळवायची का? हो किंवा नाही म्हणा."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय विचारती ती?"

"विचारतीय, पप्पांना सांगायचं का."

आई रिकाम्या बुटापाशी उकिडवी बसली. बुटानं तोच प्रश्न तितक्याच अदबीनं पुन्हा विचारला.

"आई," ईश्वरी म्हणाली, "काय म्हणू?"