वरून गोधडी, खालून बोंब

"बंड्या, श्वास घेऊ नकोस!"

"मग काय मरू?"

"मर, पण आवाज न करता!" मधुवंतीने दटावलं.

काठाला बांधलेल्या होडीत वाडीतली रत्ना नि बंडू आणि पाहुणी मधुवंती दाटीवाटीने बसली होती. सकाळचं धुकं इतकं दाट, की समोरचा डोंगरही दिसत नव्हता. मध्ये भजनी मंडळाचा स्पीकर. त्याच्या माइकच्या भोकात एक लांब वायर खोचलेली आणि वायरचं दुसरं टोक धरणाच्या पाण्यात. त्या टोकाला बिघडलेल्या दारघंटीतली पितळी चकती, रबरी फुग्यात घट्ट बांधलेली. ही सगळी करामत मधुवंतीची! ती भोरची. दिवाळीच्या सुट्टीत आईकडे, वेल्ह्याच्या डोंगरातल्या या वाडीत आली होती. तिची आई शुभाताई इथल्या ग्रामसेविका.

"पाणबुडीला खिडक्या नसतात," मधुवंती कुजबुजली. "ती स्वतः गप्प राहते आणि पाण्यात कान लावते. पाण्यात आवाज खूप लांब जातो. जहाजाचा पंखा फिरतो ना, त्याच्या ठेक्यावरून जहाज कुठलं तेसुद्धा ओळखतात!"

"त्यात काय! आमी घंटीवरनं म्हस वळखतो," बंडू म्हणाला.

"तेच ते! आता गप्प!"

गप्प बसायला कारणही तसंच होतं. आदल्याच दिवशी अशाच धुक्यात रत्नाची आत्या बनाबाई हीच होडी वल्हवत पलीकडून येत होती. अचानक काहीतरी अगदी जवळून गेलं, वल्ह्याला फटका बसला आणि होडी उलटता उलटता वाचली. "मोटारबोट व्हती ती," आत्या सगळ्यांना सांगत होती. पण पलीकडच्या रिसॉर्टचे मॅनेजर इंद्रजितराव नुसते हसले. धरणात दसऱ्यापासून मोटारबोटीला बंदी; त्यांची बोट म्हणे तेव्हापासून बांधूनच ठेवलेली! वाडीत कुणी इंजिनाचा आवाजही ऐकला नव्हता. "बाई खडकावर आदळल्या," असा निकाल त्यांनी देऊन टाकला आणि शुभाताईंनी मान डोलावली. उद्या होडीला साखळी घालायची ठरली. शाळा पलीकडच्या काठाला. होडी बंद म्हणजे सुट्टीनंतर रत्नाची शाळा बंद, कारण रस्त्याचा वळसा रोज चालण्यासारखा नव्हताच.

तेवढ्यात स्पीकर बोलायला लागला.

थड-थड-खर्र... थड-थड-खर्र...

बंडूने कान टवकारले. "वर तर कायबी ऐकू येत न्हाई!"

"पण खाली येतंय. आन् लंगडतंय," रत्ना म्हणाली.

"पंख्याचं एक पातं तुटलंय!" मधुवंती ओरडलीच.

रत्नाने आत्याचं वल्हं उचललं. त्याच्या कडेची लोखंडी पट्टी वाकली होती, लाकडात ताजी खोल खाच पडली होती. "खडकानं अशी खाच पडंल व्हय? ह्याच वल्ह्यावर तुटलंय ते पातं!"

तिघं धावत शुभाताईंकडे गेली आणि मोबाईलवर टिपलेला आवाज त्यांना ऐकवला. त्यांनी तो अर्धाच ऐकला. "मोबाईलवर काय हवं ते वाजवता येतं. खेळ पुरे! आणि तो स्पीकर आधी मंडळाला परत दे."

"नाही देणार!" मधुवंती म्हणाली. आईला असं उत्तर तिने आजवर कधी दिलं नव्हतं. तिने स्पीकर घट्ट कवटाळला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच धुकं. साखळी घेऊन ग्रामपंचायतीचा शिपाई आला, शुभाताई आल्या, गोड हसत इंद्रजितराव आले, मागून अर्धी वाडी आली. होडीत रत्ना वल्हं धरून उभी!

"म्या उतरणार न्हाई! साखळी घालायची तर माझ्यासकट घाला!"

"बाळ, तुझ्याच जिवासाठी सांगतोय," इंद्रजितराव म्हणाले.

"माझ्या आत्याचा जीव धुक्यात कुनाच्या बोटीनं घेतला असता, ते आदी सांगा!"

बंडूने स्पीकरचं बटण दाबलं. थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग...

थड-थड-खर्र! थड-थड-खर्र!

इंद्रजितरावांचं हसू मावळलं. "रेकॉर्डिंग आहे हे! पोरांची लबाडी!"

मधुवंतीने शांतपणे वायर पाण्याबाहेर ओढली. आवाज बंद! परत सोडली. आवाज सुरू! "आई, आता सांग, हे मोबाईलवर वाजतंय?"

शुभाताई स्पीकरजवळ गेल्या. त्या वाकून ऐकत होत्या. आवाज वाढत होता. इंद्रजितराव लगबगीने फोन लावायला गेले, पण डोंगरात रेंज कुठली मिळायला!

धुक्यातून आधी बोटीचं टोक आलं, मग हात पसरून फोटो काढणारे पाहुणे. आणि मागे इंजिन! त्याला ओली जाड गोधडी गुंडाळून वर दोरीने करकचून बांधलेली, आवाज काठावर पोचू नये म्हणून!

"इंजिनाला हिव भरलं का काय वो?" बंडूने विचारलं. सगळी वाडी खो खो हसली.

चालकाने काठावर माणसं पाहून घाबरून इंजिन बंद केलं आणि पंखा पाण्याबाहेर उचलला. तीन पात्यांतल्या एकाचं टोक तुटलेलं! बनाबाई गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने वल्ह्याची खाच त्या पात्याला लावली. पातं खाचेत नेमकं बसलं.

"ह्यो बघा सायेब, तुमचा खडक!"

शुभाताईंचा चेहरा लाल झाला होता. "बनाबाई, माझं चुकलं. तुमचं नीट ऐकून न घेताच मी होडी बंद करायला निघाले होते. होडी चालूच राहील, आणि याची तक्रार आजच वेल्ह्याला तहसीलदारांकडे जाईल." मग त्यांनी शिपायाकडे पाहिलं. "साखळी आणलीच आहे ना? घाला त्या बोटीला!"

"पण आम्ही पलीकडे जायचं कसं?" पाहुणे एका सुरात ओरडले. इंद्रजितरावांनाही तोच प्रश्न पडला होता; त्यांना सोडून रिसॉर्टची गाडी केव्हाच वळशाने परत गेली होती.

"मी हाय की," बनाबाई म्हणाली. तिने तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "शाबास गं वाघिनींनो! शाबास बंड्या! पर त्यो कान असू द्या पान्यात." सगळे होडीत बसले. इंद्रजितराव काही सांगायला तोंड उघडणार, तोच आत्याने वल्हं उगारलं.

"गप बसायचं सायेब! धुकं हाय. पोरी ऐकत्यात."