नंबर ६०४१

फोन वाजला आणि शिल्पा रडता रडता हसली. "ताई, बाबाचा मेसेज! बाबा बरे हायेत!"

लुंबिनीला हसू आलं नाही. का, ते तिलाच कळेना.

शिल्पाचे वडील गुरुलिंग काल सकाळी लातूरहून नांदेडला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. फोन बंद. इन्सुलिन घरीच राहिलेलं. शिल्पा सकाळच्या एसटीने नांदेडला आली आणि थेट लुंबिनीच्या दारात उभी राहिली.

गुरुलिंग आणि लुंबिनी, दोघांना वेड एकच: 'तारका' घड्याळं. चाळीसेक वर्षांपूर्वी लातूरच्या एका लहान कारखान्यात ही डिजिटल घड्याळं बनायची. कारखाना बुडाला, कागद रद्दीत गेले. घड्याळं एकूण बनली किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लुंबिनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. इकडेतिकडे सापडणाऱ्या घड्याळांच्या पाठीवरचे, ओळीने टाकलेले नंबर गोळा केले, की शेवटचा नंबर साधारण कुठे असेल ते काढता येतं, असं तिचं म्हणणं. शेकडो घड्याळं पाहिल्यावर दोघांचं उत्तर पक्कं झालं: पाच हजारांच्या जरा पुढे.

मग बाजारात सहा हजारांपुढची घड्याळं दिसू लागली. परवा गुरुलिंग फोनवर चिडले होते. "ही काय आभाळातून पडली का गं? कुणाचं काम हाय ते कळलंय मला. आधी त्याला तोंडावर विचारतो, मग तुला सांगतो. उगं कुणाचं नाव खराब नको."

इतकं भलं असू नये माणसाने, पण गुरुलिंग होते.

मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'देवणीत एकाकडे घड्याळ बघायला आलोय. काळजी नको.' खाली दोन फोटो. एकात घड्याळ तपकिरी डागांच्या फडक्यावर ठेवलेलं. पडद्यावर १२:०७, कोपऱ्यात १-१. दुसऱ्यात घड्याळाची पाठ, त्यावर ठसठशीत ६०४१. शिल्पाने लगेच फोन लावला, तर तो पुन्हा बंद.

"चला, देवणीला जाऊ. माझी गाडी हाय," वैजनाथ म्हणाला. नांदेडात त्याचं घड्याळांचं दुकान होतं, जुन्या घड्याळांचा व्यापारही होता. बाबांच्या ओळखीचा म्हणून शिल्पाने सकाळी फोन केल्यावर तो धावत आला होता. फोटो पाहून तो हसला. "मॅडम, तुमचा हिशेब चुकला बघा. असला नंबर मी बी पहिल्यांदाच बघून राहिलो."

गाडीत पिकल्या केळ्यांचा वास होता. "भावाची अर्धापूरला केळी पिकवायची वखार हाय," वैजनाथने काच खाली केली. "त्याचा माल नेतो मी कधी कधी."

एप्रिल महिन्याचं ऊन रस्त्यावर नुसतं पेटलं होतं. लुंबिनी मागच्या सीटवर बसून फोटो मोठा करून पाहत होती. त्या वासाने तिला आई आठवली. चांगुणाबाई अर्धापूरच्या मळ्यांत केळी तोडायला जायची, तिच्या लुगड्यांनाही हाच वास असायचा.

लुंबिनीची नजर फडक्यावर गेली. मग पडद्यावरच्या आकड्यांवर, मग नंबरावर. तिने फोटो झटकन बंद केला.

वर पाहिलं तर समोरच्या आरशातून वैजनाथ तिच्याकडेच बघत होता.

"काय बघून राहिल्या एवढं?"

"काही नाही. मळमळतंय. गाडी थांबवा."

"पुढं थांबू."

नायगाव आलं. डाव्या हाताला पोलीस ठाण्याची पाटी दिसली. दारांची कुलपं खट्कन लागली. लुंबिनी पुढच्या सीटवर वाकून जोरजोरात उमासे काढू लागली.

"अवो काका, थांबवा की! ताई ओकून राहिल्या!" शिल्पा किंचाळली.

वैजनाथने शिवी हासडून ब्रेक दाबला, कुलूप काढलं. लुंबिनीने शिल्पाचं मनगट धरलं आणि ती थेट ठाण्यात पळत सुटली.

पाठोपाठ वैजनाथही आला. पळाला असता तर अंगाशी आलं असतं. "मॅडमना ऊन लागलंय," तो म्हणाला. फौजदार उमादेवींनी त्याला बसायला सांगितलं आणि लुंबिनीचं सगळं ऐकून घेतलं.

"मेसेज गुरुलिंगांचा नाही, हे कशावरून?"

"नंबर पूर्ण दिसतोय." लुंबिनीने फोन त्यांच्यासमोर धरला. "पूर्ण नंबर दाखवला की नकली घड्याळं करणाऱ्यांचं फावतं. म्हणून काका शेवटच्या दोन आकड्यांवर अंगठा ठेवूनच फोटो काढतात. एकदाही चुकले नाहीत."

"हाव, खरंय," शिल्पा पुटपुटली. "मी हसायची त्यांना."

"मग फोटो काढला कुणी?"

"घड्याळात एक जानेवारी आहे, बारा वाजून सात मिनिटं. तारकात नवा सेल घातला की ते एक जानेवारीच्या बारापासून सुरू होतं. म्हणजे सेल घातल्या घातल्या फोटो काढलाय, वेळसुद्धा लावलेली नाही. हा घड्याळ उघडणाऱ्याचा हात आहे. आणि असा नंबर कारखान्याने कधी टाकलाच नाही. तो नंतर कुणीतरी कोरलाय."

"घड्याळं उघडणारा काय मी एकटाच हाय?" वैजनाथ उसळला. "देवणीत बी असतील की."

"असतील. पण त्या फडक्यावर केळीचा चीक आहे. माझ्या आईच्या लुगड्यांवरचे हे डाग जन्मभर गेले नाहीत. देवणीत गुरं मिळतात, वैजनाथभाऊ. केळीची वखार तुमच्या भावाची आहे, अर्धापूरला. आणि तुम्ही आम्हाला बरोबर उलट्या दिशेला नेत होता."

वैजनाथने रुमालाने मान पुसली. पुसतच राहिला.

"नंबर मी कोरतो हे ते सगळ्यांना सांगतो म्हणले," तो शेवटी बोलला. "धंदा बसला असता माझा. फोन काढून घेतला अन् वखारीतल्या रिकाम्या खोलीत कोंडलं. मेसेज बी मीच टाकला. मारलं न्हाई मी त्यांना."

"त्यांना इन्सुलिन लागतं, माहीत होतं?" उमादेवींनी विचारलं.

त्याने मान खाली घातली. उमादेवींनी तोवर अर्धापूरच्या ठाण्याला फोन लावला होता.

वखारीतल्या गार खोलीत, रिकाम्या क्रेटांच्या आड, गुरुलिंग सापडले. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर काहीच ठाम सांगेनात. लुंबिनी कॉलेजात शिकवायला उभी राही आणि मध्येच थांबे.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून शिल्पाचा मेसेज आला. नुसता फोटो. उघडायची लुंबिनीची हिंमत होईना. बराच वेळ फोन हातात धरून बसल्यावर तिने डोळे किलकिले करून पाहिलं.

पांढऱ्या चादरीवर गुरुलिंगांचं घड्याळ पालथं ठेवलेलं होतं. शेवटच्या दोन आकड्यांवर अंगठा होता, सलाईनची पट्टी चिकटवलेल्या हाताचा.

लुंबिनी मग पोटभर रडली.