एकवीस गप्प दिवस

व्हर्लीन टिब्जने एलरॉय पिंकनीचा आवाज ऐकण्याआधी त्याचे स्वरतंतू पाहिले होते.

बाल्टिमोरमध्ये सकाळपासून भुरभुर चालली होती. ओली टोपी हातात धरून तो डॉक्टर सॅटरफील्डच्या दवाखान्यात शिरला. त्यांची मदतनीस असलेल्या व्हर्लीनने नेहमीसारखा लांब दांड्याचा छोटा आरसा, वाफ धरू नये म्हणून, ज्योतीवर किंचित गरम करून डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी तिलाही बघू दिलं. दोन ओल्या, पांढऱ्या पट्ट्या... आणि दोन्हींच्या कडेला, समोरासमोर, मोहरीएवढी एकेक गाठ.

"दिवसाला किती खेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच," तो कुजबुजला. "मधल्या वेळात मात्र आवाज जपायचो. असा... कुजबुजूनच बोलायचो."

"कुजबुजण्यानेच जास्त वाट लागते!" व्हर्लीन बोलून गेली आणि कानापर्यंत तापली.

"ऐकलंस ना पोरा? आता एकवीस दिवस तोंड बंद. हुंकारसुद्धा नाही."

डॉक्टर हात धुवायला गेले. एलरॉयने तिच्या खिशातली पेन्सिल अलगद काढून घेतली आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं — तुम्ही माझं गाणं ऐकलंय?

"नाही. आमचा रेडिओ बाबांच्या ताब्यात असतो. त्यांना बेसबॉलपलीकडे काही लागत नाही."

त्याने लिहिलं — शहरातली एकमेव मुलगी!

"तुमचा घसा आतून पाहिलेलीही एकमेव," ती म्हणाली.

तो हसला. आवाज न करता. बाई गं, हे हसणंही चांगलंच होतं.

दर तिसऱ्या दिवशी तो तपासायला यायचा आणि बरोबर एक वही आणायचा. त्याचं आयुष्य तिला त्या वहीतूनच कळलं. नवव्या वर्षी चर्चमध्ये गाणं. पंधराव्या वर्षी तीन मित्रांबरोबर घरासमोरच्या संगमरवरी पायऱ्यांवर. त्या चौघांचे 'द वॅक्सविंग्ज' झाले आणि मागच्या वर्षी रेकॉर्ड निघाली. त्या गाण्याच्या शेवटी एलरॉय इतका उंच, बारीक सूर लावायचा, की मुली किंचाळायच्या. बाविसाव्या दिवशी, शनिवारी, मोठ्या थिएटरात त्याला तोच सूर लावायचा होता.

कोपऱ्यावरच्या दुकानात ती रेकॉर्ड होती. व्हर्लीनने एकदा हातात घेतली... आणि परत ठेवली. मूळ आवाज आठवड्यावर आला असताना नक्कल कशाला ऐकायची?

'तू म्हटलं तर चालेल?' त्याने एकदा लिहून विचारलं.

"लिहिताना चालेल."

'आणि बोलताना?'

"बोलाल तेव्हा बघू."

पंधराव्या दिवशी संध्याकाळी त्याने तिला घरासमोरच्या त्याच पायऱ्यांवर बोलावलं. खर्ज लावणारा धिप्पाड क्लिओफस सरकून बसला.

"मिस टिब्ज, याला लवकर बोलता करा हो. वेंडेल त्याच्या जागी गातोय खरा, पण लोक एलरॉयसाठी येतात."

"मी इथेच आहे बरं का," वेंडेल म्हणाला.

"म्हणून तर हळू बोलतोय!"

तिघे गाऊ लागले. व्हर्लीन मात्र एलरॉयच्या गळ्याकडे बघत होती. वेंडेलचा सूर चढला तसा तिथला कंठमणीही वर चढला. तिने झटकन दोन बोटं त्यावर ठेवली. कातडी ऊबदार होती.

"तू गातोयस!"

त्याने जोरात नकारार्थी मान हलवली.

"आवाज निघत नाही, पण तंतू ताणले जातायत. मनातसुद्धा वर जायचं नाही. खालचा सूर धर."

तिने 'तू' म्हटल्याचं तिला बोटं काढल्यावर कळलं. त्याला आधीच कळलं होतं. तरी त्याने लिहिलं ते वेगळंच — वरचा सूर गेला तर मी कोण?



एकविसाव्या दिवशी आरशात गाठी नव्हत्या.

"बोल," डॉक्टर म्हणाले.

"व्हर्लीन," तो म्हणाला.

जाडसर, सावकाश आवाज.

"आता सूर वर ने."

त्याने नेला. मध्येच सूर तुटला... आणि नुसती हवा आली.

"परत येईल, कदाचित येणारही नाही," डॉक्टर म्हणाले. "ओढलास तर आहे तोही जाईल."

ती त्याच्यामागोमाग जिन्यात आली.

"आता बोलायला परवानगी आहे," ती म्हणाली.

"हा आवाज कुणाचा आहे ते बघतोय."

"मला तर हा एकच माहीत आहे. मला त्यात काही कमी वाटत नाही."

शनिवारी दुपारच्या खेळाला ती चौथ्या रांगेत बसली. रंगमंचावर दोन माईक होते. पुढे एकट्याचा, मागे तिघांचा. चौघे आले तसा एलरॉयच्या नावाने गलका झाला. सवयीने त्याचे पाय पुढच्या माईकपाशी गेले. मग त्याने वेंडेलच्या खांद्यावर हात टाकला, त्याला पुढे उभं केलं आणि स्वतः क्लिओफसशेजारी जाऊन उभा राहिला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "अरे, हे काय!" म्हणालं. गाणं सुरू झालं. खर्जाच्या जरा वर एक जाडसर, सावकाश सूर होता. तो शोधायला तिला एक ओळही लागली नाही.

खेळ संपल्यावर तो मागच्या दाराशी भेटला.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं.

"वाटलं ना. शिट्टी ऐकली तेव्हा तर फारच... पण पुढे उभं राहिलं की सगळ्यांकडे बघत गावं लागतं. मागे उभा राहून कुणाकडे बघतोय, ते कोण विचारतंय?"

"मी मोजलं. चौथ्या रांगेकडे सात वेळा."

"नऊ," तो म्हणाला. "दोनदा तू खाली बघत होतीस."