मागची सीट

गाडी दुरुस्त करायची की बदलायची, यावर आमच्या घरात दिवाळीपासून भांडण चालू होतं. मी बदलायच्या बाजूने, माझा नवरा भुपेंद्र दुरुस्तीच्या. सासरे यादोराव कोणाच्याच बाजूने नव्हते. ते ओसरीत खाटेवर बसून ऐकायचे आणि भांडण रंगात आलं की नेमकं पाणी मागायचे.

गाडी त्यांचीच. पांढरी जीप, मागे काळ्या रेक्झिनची लांब सीट. डोळे अधू होईपर्यंत त्यांनी ती आमच्या नाकाडोंगरीहून चिखल्याच्या खाणीपर्यंत चालवली, पाळीवर जाणारे मजूर भरून. पुढे भुपेंद्रने ती घरच्या वापराला ठेवली. "बाबाच्या हातची गाडी हाय," असं तो कोणी विचारलं नसलं तरी सांगायचा. मी म्हणायचे, "हातची आहे ना? मग हातानंच ढकला." रोज सकाळी ढकलावीच लागायची.

मला गाडीशी वैर नव्हतं. मला गुड्डीची काळजी होती. आमच्या पोरीला दमा आहे. कापणी होऊन धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, सुरू झाली की हवेत भुसा उडतो आणि तिची छाती शिट्टीसारखी वाजायला लागते. औषधाच्या पंपाने भागलं नाही तर तुमसरचा डॉक्टर गाठावा लागतो. मागच्या महिन्यात तसंच निघालो आणि चिखल्याच्या फाट्यावर गाडी बंद पडली. पोरीचे ओठ निळे पडत चाललेले, भुपेंद्र बॉनेट उघडून उभा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी खाणीचा एक ट्रक थांबला म्हणून पोरगी हाती लागली. त्या दिवशी मी ठरवलं, आता ही गाडी नको म्हणजे नको.

तरी भुपेंद्रने शेवटचा प्रयत्न म्हणून ती तुमसरला गोपीचंद मिस्त्रीकडे टाकली. गाडी मागे डावीकडे कलायची, म्हणून गोपीचंदने पाटे बदलले, शॉकअप बदलले. गाडी घ्यायला गेलो तर मागची डावी बाजू खाली बसलेलीच.

"हे काय?" मी विचारलं.

"म्याडम, सारा सामान नवीन टाकलो," तो डोकं खाजवत म्हणाला. "आता तुमची गाडी लाडात येऊन एका बाजूनं बसत असन तर मी काय करू?"

तो हसला. भुपेंद्रही हसला. मी शाळेत विज्ञान शिकवते. चेसिस वाकली असेल, असं मी त्या दोघांना ऐकवलं. दोघांनी लगेच मान डोलावली. पटलेलं मात्र कोणालाच नव्हतं, मलाही नाही.

परतीच्या वाटेवर थंडीतलं धुकं होतं. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या, त्यांत रचलेले धानाचे पुंजणे, आणि सगळं दुधात बुडवल्यासारखं. गाडी रस्त्यावरून चाललीय की तरंगतेय, कळत नव्हतं. गुड्डी मागे बसली होती, उजव्या कोपऱ्यात, दाराला अगदी चिकटून. ती नेहमी तशीच बसायची.

"अगं, पसरून बस की जरा. एवढी मोठी सीट आहे," मी म्हटलं.

"जागा नाही ना आई," ती झोपाळू आवाजात म्हणाली.

मी वळून पाहिलं. डावीकडची काच आतून धुरकटली होती. फक्त तीच. बाकीच्या काचा स्वच्छ. गाडीत ओल्या दगडाचा वास येत होता, खाणीजवळून जाताना येतो तसा. आणि शिट्टी ऐकू येत होती, दम लागलेल्या छातीची. मी घाबरून पर्समधला पंप काढला आणि गुड्डीकडे झेपावले.

गुड्डी झोपली होती. मी तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास शांत, लयीत, कित्येक दिवसांत पाहिला नव्हता इतका चांगला. शिट्टी मात्र चालू होती.

"अजी, तुम्हाला ऐकू येतंय का?"

"काय?" भुपेंद्र समोर बघत म्हणाला. "बेल्ट वाजत असन."

चिखल्याचा फाटा आला तशी गाडी आपोआप मंदावली, कोणी उतरणार असल्यासारखी. भुपेंद्रने ॲक्सिलरेटर दाबला, शिवी हासडली, आणि आम्ही पुढे निघालो. मला भीती वाटली होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती. विज्ञानाची बाई ना मी!

दुसऱ्या दिवशी मी असा काही तमाशा केला की भुपेंद्रने हात टेकले. नवी गाडी घ्यायची ठरली. जीप भंडाऱ्याजवळच्या कारध्याचा एक माणूस घेणार होता, त्याला फक्त इंजिन आणि सांगाडा हवा होता. ही बातमी सासऱ्यांना सांगायला मीच गेले. वाटलं, चिडतील, रडतील. ते बराच वेळ बोटांनी खाटेची सुतळी चाचपत राहिले.

"दे बापा विकून," ते म्हणाले. "पोरीच्या जिवाहून गाडी मोठी नाही. पण बाई, सीट उतरवल्याबिगर देऊ नको."

"हो मामाजी. उतरवते की."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः उभी राहून उतरवते."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान दिसलं की मलाच भरून आलं. आमच्याकडे जुन्या गाडीची सीट ओसरीत सोफ्यासारखी मांडायची रीतच आहे. अर्ध्या गावाच्या ओसऱ्यांत अशा सीटा आहेत. म्हाताऱ्याला आपल्या गाडीची एवढी तरी आठवण हवी असेल, असं मला वाटलं. मी गोपीचंदला बोलावून सीटचे नट खोलायला लावले. सासरे तेव्हा आत झोपले होते. ती अंगणातून ओसरीत आणताना डावीकडून धरणारा माणूस दोनदा थांबला. "यात दगड भरले का वो?" म्हणाला. सीट भिंतीला लागली, गुड्डीने उड्या मारल्या आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन बसली.

सकाळी भुपेंद्र जीप घेऊन कारध्याला गेला. तिकडूनच नव्या गाडीचं बघून येणार होता. मी शाळेतून रजा घेतली होती आणि खूश होते, अगदी सण असल्यासारखी. दुपारी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "उतरवली का सीट?"

"उतरवली ना. ही काय, तुमच्यासमोर. ओसरीत आणून ठेवली."

त्यांचा घास हातातच राहिला.

"घरी आणली?"

"म्हणजे काय? तुम्हीच तर म्हणालात..."

"अवो बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गाडीत बसते ते सीट. माणूस. आम्ही पॅसेंजरले सीट म्हणतो. त्या सीटले चिखल्याले उतरवाचं होतं!"

मला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं या घरात राहून, 'एक सीट बसवली', 'दोन सीटा उतरवल्या' असं रोज ऐकून मी हे विसरावं! पण हसू आलं नाही.

"कोण माणूस, मामाजी?"

"मले का मालूम? मी बसवलो नाही त्याले. एक दिवस पाळी सुटली, सारे उतरले, अन् हा बसूनच होता. बोलत नाही, चालत नाही. मी म्हटलो, राहू दे, त्याचं ठिकाण येईन तेव्हा उतरन. मंग डोळे गेले माझे."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"कोनी इच्यारलं?"

मी ताट तसंच ठेवून उठले. डोकं चालवायचं, असं स्वतःला बजावलं. भुपेंद्र आला की सीट नव्या गाडीत टाकायची, नाहीतर ट्रॅक्टरवर टाकायची, आणि चिखल्याला नेऊन ठेवायची. खरं असो खोटं असो, नेऊन ठेवायला काय जातंय? मी भांडी घासायला बसले.

बाहेर मऊ, पिवळं ऊन पडलं होतं. दूर कुठेतरी चुरण्याची मशीन गुणगुणत होती. गुड्डी शाळेतून आल्याचा आवाज आला, दप्तर टाकल्याचा आला. मग शिट्टी सुरू झाली.

तो आवाज मी झोपेतही ओळखते. पंप घेऊन ओसरीत धावले.

गुड्डी सीटच्या उजव्या कोपऱ्यात पाय हलवत बसली होती. तोंड बंद, गाल गुलाबी. शिट्टी तिची नव्हती.

"आई, पंप त्याले दे ना."

डावीकडचं रेक्झिन खोल दबलेलं होतं. माणूस बसल्यावर दबतं तेवढं. समोर खाटेवर सासरे हात जोडून बसले होते, आणि त्यांचे अधू डोळे बरोबर त्याच जागेवर होते.

"भाऊ," ते म्हणत होते, "हे तुमचं गाव नव्हे. माझ्या सुनेची चुकी झाली. पोरगा येऊन राहिला. तो नेऊन देते तुमाले चिखल्याले. तवरिक बसा."

शिट्टी थांबली.

मशीनही थांबली होती बहुतेक. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

रेक्झिनचा खळगा हळूहळू वर आला. करकरला. सपाट झाला.

मी गुड्डीला ओढून जवळ घेतलं. आम्हा दोघींच्या शेजारून ओल्या दगडाचा वास आत गेला, सरळ, वाट माहीत असल्यासारखा. मग आतल्या खोलीत गुड्डीचा पलंग वाजला. आधी बसल्यासारखा, मग पाय लांब केल्यासारखा.

सासऱ्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

गुड्डी माझ्या हातातून सुटली आणि खोलीच्या दारापर्यंत जाऊन आत डोकावून आली. घाबरली नव्हती. तोंड फक्त रुसलेलं होतं. तिने माझ्या पदराचं टोक धरलं.

"आई," ती म्हणाली, "मंग मी आता कुठं झोपू?"