सगुणमामाची संध्याकाळची सुई

पुढे सरका पोरांनो, आणि ते मोबाइल जरा निजवा. ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या भाच्याची बायको संजना मुळगावच्या बाजूला सिस्टर आहे, तिच्यावर गुदरलेली.

तिकडे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा. बाकी बीपी म्हणा, शुगर म्हणा, सगळं हिच्याच गळ्यात. तिथल्या सगुणमामाला चार वर्षं त्याची बायको देवकी इन्सुलिन टोचायची; संजनानेच तिला शिकवलेलं. दिवाळीआधी देवकी अहेवपणी गेली; हळदीनं माखून, मळवट भरून तिला नेली. सून सोनाली सुई बघूनच पांढरी पडायची, म्हणून संध्याकाळची सुई संजना स्वतः जाऊन देऊ लागली.

आणि मामाची शुगर घसरायला लागली. एकदा साठ, एकदा पंचावन्न. संजनाच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी दुसरी सुई देतंय. अशानं म्हातारा झोपेतच जायचा! मुलगा बोटीवर, घरात सोनालीशिवाय होतं कोण? संजनाने बाटली, सुया, सगळं उचलून आपल्या घरी नेलं.

गुरुवार, वीस नोव्हेंबर. अमावास्या. पावणेआठला ती पोचली आणि वीज गेली. मोबाइलच्या उजेडात तिने सुई भरली.

"नको गो बाय," मामा म्हणाला. "आत्ताच दिल्यान माका."

"कोणी?"

मामा दाराकडे बघत राहिला...

सुई चुकवायला लोक काय थापा मारतात, ते ती रोज ऐकते. तिने त्याचा हात धरला. गार. घामानं ओला.

ती थबकली. बोटातून थेंब घेतला. मशीनवर आकडा आला.

बेचाळीस.

भरलेली सुई तिने बाजूला टाकली. आपण दिली असती तर... मामाला साखरपाणी पाजलं आणि ती थेट स्वयंपाकघरात सोनालीवर धावली.

"हात दाखव! कुठे लपवलीस सुई?"

"सिस्टर, मी कशाक देतंय? रगत बघलंय तर माका घेरी येता!" सोनाली रडायला लागली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाकरीच्या पिठात. पांढरे.

संजना परत आली. मामाचा सदरा वर केला.

बेंबीशेजारी ताजा टिपका. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं उमटलेली... अंगठा आणि तर्जनी. टोचताना कातडी चिमटीत धरतात ना, तशी.

पिवळी.

संजनाने बोट लावून बघितलं. हळद ओली होती.