भारांतर

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, एका अरुंद खाडीच्या काठावरच्या प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी सातोसकर तीच नोंद तिसऱ्यांदा वाचत होती. यंत्रानं कोरलेल्या अकरा रूनकाठ्या. अकरा रुग्ण बरे. आणि त्याच्या बदल्यात कोणालाही साधा ओरखडासुद्धा नाही.

हे शक्य नव्हतं.

रून म्हणजे उत्तरेकडच्या लोकांची प्राचीन अक्षरं. त्यांतलं एक अक्षर अ‍ॅश झाडाच्या काठीवर कोरायचं, खाचेत माणसाचं रक्त भरायचं आणि रुग्णानं काठी हातात धरून त्या अक्षराचं नाव ठरावीक सुरात नऊ वेळा म्हणायचं. एवढं केलं की आजार खरोखर जातो, हे याच प्रयोगशाळेनं सहा वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. का जातो, ते अजून कोणालाच सांगता येत नव्हतं. कुठे जातो, ते मात्र हेमांगीनं शोधून काढलं होतं. ज्याचं रक्त, त्याच्या अंगावर, बरोबर नऊ दिवसांनी. तिनं त्याला भारांतर असं नाव दिलं होतं.

हा नियम कळल्यावर रक्त द्यायला कोणी पुढे येईना. काम थांबलं. आणि मग गेल्या हिवाळ्यात संचालिका आस्त्रिद यांनी जाहीर केलं, की कृत्रिम रक्तावर चालणारी काठी तयार झाली आहे.

हेमांगीचा त्यावर विश्वास बसला नव्हता. तिनं भांडारातल्या एका काठीच्या खाचेतला लाल थर खरवडून तपासला. रक्त माणसाचं होतं. गट बी निगेटिव्ह.

जानेवारीत आरोग्य तपासणीच्या नावाखाली सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त घेतलं होतं, ते तिला आठवलं. तिचा स्वतःचा गट ओ होता. त्या तपासणीच्या यादीत बी निगेटिव्ह कोणीच नव्हतं. पण तेव्हा रजेवर असल्यानं यादीत नसलेली एक व्यक्ती गेले चार महिने सारखी आजारी पडत होती. आस्त्रिद यांची मुलगी लिव. वय सत्तावीस. उपचारानंतर दहाव्या दिवशी प्रत्येक रुग्णाला फोन करून त्याची प्रकृती नोंदवणं, हे तिचं काम.

त्या दुपारी लिव आली ती उजवं मनगट प्लास्टरमध्ये घेऊन.

"काय झालं?" हेमांगीनं विचारलं.

"सकाळी उठले तर मोडलेलं होतं. डॉक्टरांनाही पटलं नाही. त्यांना वाटतं, मी काहीतरी लपवतेय."

"तुझा रक्तगट काय?"

"ए पॉझिटिव्ह. का?"

हेमांगी कपाटातले कागद काढू लागली. आई मुलीचंच रक्त चोरून वापरत असेल, हा संशय तिला स्वतःलाच ओशाळवाणा वाटत होता. आता तो खोटा ठरला होता, तरी तिला बरं वाटेना. तिनं लिवच्या आजारपणाच्या रजा आणि रुग्णांची यादी शेजारी शेजारी ठेवली. मग दोन्ही कागद घेऊन ती आस्त्रिद यांच्या खोलीत गेली.

"रक्त कृत्रिम नाही," ती म्हणाली. "कोणाचं आहे?"

आस्त्रिद यांनी खिडकीबाहेरच्या पाण्याकडे नजर वळवली. "हालवारचं," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं. चार वर्षांपूर्वी तो गेला. आजारपणात त्याचं रक्त साठवून ठेवलं होतं. मेलेल्या माणसाला कसला भार? त्याला आता काहीच होऊ शकत नाही."

"मग खोटं का सांगितलंत?"

"लोकांना मृताचं रक्त चाललं नसतं."

हेमांगीनं कागद पुढे सरकवले. "चार फेब्रुवारीला एका बाईचा न्यूमोनिया गेला. तेरा तारखेला लिवला न्यूमोनिया झाला. नऊ मार्चला एका सुताराचा मुतखडा गेला. अठराला लिव कळवळत दवाखान्यात गेली. नऊ दिवसांपूर्वी एका शिक्षकाचं उजवं मनगट जुळलं."

"तिचा गट वेगळा आहे."

"गटाचा प्रश्नच नाही. रक्ताचा माणूस जिवंत असेल तर भार त्याच्याकडे जातो. तो नसेल, किंवा त्या भारानंच गेला, तर त्याचं रक्त जिथे जिवंत आहे तिथे जातो. हालवारना दुसरं मूल होतं?"

आस्त्रिद यांनी मान हलवली. नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो आश्चर्यानं की आणखी कशानं, ते हेमांगीला ठरवता येईना. चार महिने मुलगी डोळ्यांसमोर झिजत होती. या बाईला एकदाही शंका आली नसेल?

"दहा रुग्णांचं दुखणं लिवकडे येऊन गेलं," हेमांगी म्हणाली. "अकराव्याचा तपशील यादीत नाही. तो कोण?"

"एक मच्छीमार. गेल्या शुक्रवारी." आस्त्रिद म्हणाल्या. "हृदयविकाराचा झटका."

लिवला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि आईकडे बघितलंच नाही.

आस्त्रिद यांनी त्याच दिवशी चाकू हातात घेतला. काठी स्वतः कोरली, तळहात कापून खाच भरली. "त्या दिवशी तुला झटका आला की ही वाच," त्या लिवला म्हणाल्या. "तो माझ्याकडे येईल."

हेमांगीला वेंगुर्ल्याला आजीआजोबांकडे शिकणारा तिचा चौदा वर्षांचा मुलगा आठवला. माझं रक्त घ्या, हे शब्द तिच्या ओठांवर आले नाहीत. त्याची तिला लाज वाटली.

नवव्या दिवशी लिव शहरातल्या रुग्णालयात होती. अंगाला तारा जोडलेल्या, डॉक्टर उशाशी तयार. मच्छीमारानं काठी वाचली होती ती सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. बरोबर त्याच मिनिटाला लिवनं छाती आवळून धरली. आस्त्रिद यांनी काठी तिच्या हातात कोंबली.

"वाच. नऊ वेळा."

लिवनं काठी पाहिली. तिला धाप लागली होती. "तुझं वय एकसष्ट, आई. नऊ दिवसांनी तू यातून वाचली नाहीस, तर हे कोणाकडे येईल?"

हेमांगीनं नजर खाली वळवली. उत्तर तिघींनाही माहीत होतं.

लिवनं काठी गादीवर टाकली आणि डॉक्टरांकडे मान वळवली. "करा काय करायचं ते."

तिचं हृदय दोनदा थांबलं आणि दोनदा चालू केलं गेलं. सगळे तयारीत होते, मिनिटासकट वेळ माहीत होती, म्हणूनच ते जमलं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. हृदयाचा एक कोपरा कायमचा निकामी झाला होता.

पुढचे नऊ दिवस आस्त्रिद तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होत्या. लिवनं अक्षर म्हटलं नव्हतं, पण काठी तिच्या हाताला लागली होती; भार कुठे जाणार नाही याची खात्री कोणालाच नव्हती. शेवटच्या सकाळी हेमांगी त्यांच्या शेजारी येऊन बसली. दहा चाळीस झाले. अकरा वाजले. तो मच्छीमार पुन्हा बोट घेऊन जाऊ लागला होता. आस्त्रिद यांची नाडी ठीक होती. वेंगुर्ल्याला मुलगा शाळेतून घरी पोचला होता. काही कारण नसताना हेमांगीनं फोन करून दोनदा विचारलं.

सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणी हातात आलेली काठी वाचायची नाकारली होती, आणि आजार पुढे कुठेही गेला नव्हता. तो लिवपाशी संपला होता.